दोन यंत्रांची एक सम

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी कविता लिहावी, प्रवासवर्णन लिहावे, फार तर एखाद्या ग्रंथाचा परिचय करून द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मी मात्र या लेखात एक जुना सिंथेसायझर आणि एक जुने रिदम मशीन यांची जोडणी कशी केली, ते सांगणार आहे. माझे विज्ञान दहावीपर्यंतचे. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा तज्ज्ञाचा आव आणण्याचा प्रश्नच नाही. परंतु हे काम करता करता तालाविषयी जे समजले, आणि ज्या एका गोष्टीने मला रात्रभर झोप आली नाही, ते मित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे एवढाच हेतू.

माझे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जात. मी शाळेसाठी शेवगावला मामांकडे राहिलो. मामांची वाजंत्र्यांची छोटी पार्टी आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते ती जेष्ठापर्यंत. वरात, हळद, कधी जागरण, कधी गाण्यांचा कार्यक्रम. अशा सुपाऱ्यांवर पाच घरे चालतात. मामांनी पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईतील एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून दोन वाद्ये जुनी म्हणून विकत घेतली होती. एक, रोलँड कंपनीचा एसएच-१०१ हा सिंथेसायझर. दुसरे, त्याच कंपनीचे टीआर-६०६ हे रिदम मशीन. पार्टीत पहिल्याला सगळे 'कॅशो' म्हणतात. आपल्याकडे कळा असलेले प्रत्येक विजेचे वाद्य कॅशोच!

या कॅशोमध्ये एक सोय आहे. शंभर सुरांपर्यंतची ओळ एकामागून एक कळा दाबून त्याच्या स्मरणात भरून ठेवता येते. मग ते यंत्र ती ओळ आपोआप वाजवते. मामांची जुनी इच्छा अशी, की गाण्यामधल्या तुकड्यात कॅशोने ही भरलेली ओळ वाजवावी आणि रिदम मशीनने केरवा धरावा. पण दोघांचे काही केल्या जमत नसे. आरंभी ठीक चाले. अर्ध्या मिनिटात सूर एकीकडे आणि ठोका दुसरीकडे.

न जमण्याचे कारण

कारण साधे आहे. दोन्ही यंत्रांत गतीची आपापली कळ आहे. कानाने ऐकून दोन्ही कळा सारख्या केल्या तरी एक मिनिटाला १२० ठोके देते आणि दुसरे १२१. फरक कानाला कळतही नाही. पण मिनिटाच्या शेवटी एक आख्खा ठोका वाढलेला असतो. दोन माणसांत असे होत नाही, कारण माणसे एकमेकांना ऐकत असतात. पैठणला नाथषष्ठीला जाणाऱ्या दिंड्या आपण पाहतो. पन्नास टाळकरी असतात, पण पन्नास जण आपापल्या मनात वेगळे मोजत नाहीत. मृदंग चालतो आणि टाळ त्याच्या मागे जातात. मृदंग किंचित वाढला तर सगळी दिंडी वाढते. यंत्राला कान नाही, म्हणून ते आपल्याच मोजणीत दंग असते.

तेव्हा उपाय एकच. एका यंत्राची मोजणी बंद करायची आणि त्याला दुसऱ्याची मोजणी ऐकवायची. यालाच इंग्रजीतून आलेला 'सिंक' हा शब्द आहे.

थोडा इतिहास

ही युक्ती नवी नाही. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये जपानात रोलँड कंपनी काढली. या कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे रिदम मशीन आणि १९८१ साली टीबी-३०३ हे खर्जाचे सूर वाजवणारे यंत्र व टीआर-६०६ बाजारात आणले. या यंत्रांना पाच टोचांचे एक गोल भोक ठेवलेले असे. त्यातून तार टाकली की एका यंत्राची मोजणी दुसऱ्याला मिळे. एका मुख्य ठोक्याचे २४ भाग करायचे आणि प्रत्येक भागाला पाच व्होल्टचा एक झटका तारेतून पाठवायचा, अशी ही पद्धत. कोर्ग या दुसऱ्या जपानी कंपनीने ४८ भाग ठरवले. त्यामुळे एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीशी जोडले की निम्म्या किंवा दुप्पट गतीने धावे. पुढे १९८३ मध्ये सर्व कंपन्यांना चालेल अशी 'मिडी' ही पद्धत आली आणि हा घोळ मिटला. मिडीतही ठोक्याचे भाग २४ च राहिले.

या इतिहासात महाराष्ट्राचा एक धडा आहे, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा असे वाटते. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग नावाचे वादक होते. त्यांनी १९८२ मध्ये एक ध्वनिमुद्रिका केली. नाव होते 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग. वाद्ये मात्र सतार, सरोद, तबला नव्हेत, तर ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८. टीबी-३०३ ला टीआर-८०८ ची मोजणी सरळ तारेतून घेता येते. ज्युपिटर-८ मध्येही बाहेरचा ठोका घेऊन सूर एकामागून एक सोडण्याची सोय आहे.

त्या वेळी ही मुद्रिका फारशी कोणी विचारली नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात फ्युचर या मंडळींची 'ॲसिड ट्रॅक्स' ही मुद्रिका निघाली. तिच्यात याच टीबी-३०३ चा आवाज होता आणि त्यापासून नृत्यसंगीताची एक नवी शाखा मोजली जाऊ लागली. चरणजित सिंगांची मुद्रिका २०१० मध्ये हॉलंडहून पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले. कारण त्याच यंत्रातून जवळजवळ तसाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी निघाला होता, तोही कलावती आणि मालकंसाच्या अंगाने. त्यानंतर उतारवयात त्यांना परदेशांतून कार्यक्रमांची निमंत्रणे आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

ही हकीकत वाचल्यावर मी मामांना म्हणालो, "मामा, मुंबईत बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वी जमलं, ते शेवगावात आता का जमू नये?" मामा म्हणाले, "जमव. पण कॅशोला भोक पाडशील तर घरात पाय ठेवू नकोस. लग्नसराई तोंडावर आलीय."

जोडणी

एसएच-१०१ च्या मागील बाजूस बाहेरचा ठोका घेण्यासाठी एक छोटे भोक मुळातच आहे. त्यात एक झटका आला की भरलेल्या ओळीतील एक सूर वाजतो. दुसरा झटका, दुसरा सूर. पण त्याला टीआर-६०६ सारखे पाच टोचांचे भोक नाही. अडचण इथेच आहे. रिदम मशीन एका ठोक्याला २४ झटके देते आणि आम्हाला एका ठोक्यात चार सूर हवेत. म्हणजे दर सहा झटक्यांतून एकच पुढे जाऊ द्यायचा. २४ भागिले ६ बरोबर ४, गणित चौथीचे!

हे काम सीडी-४०१७ ही स्वस्त आय.सी. करते. तिला दहा बाहेरवाटा असतात, त्यांना शून्य ते नऊ असे क्रमांक आहेत. प्रत्येक झटक्याला वीज एका वाटेवरून पुढच्या वाटेवर सरकते. सहा क्रमांकाची वाट परत तिच्याच पुसण्याच्या टोचेला, म्हणजे पंधराव्या टोचेला जोडली, की सहावर पोहोचताच मोजणी पुन्हा शून्यावर येते. शिवाय रिदम मशीन थांबलेले असताना मोजणी शून्यावर धरून ठेवावी लागते, नाहीतर पुढचे गाणे मधूनच सुरू होईल. पाच टोचांच्या तारेत पहिल्या टोचेवर 'चालू-बंद', दुसऱ्यावर जमीन आणि तिसऱ्यावर मोजणीचे झटके असतात. चालू असताना पहिल्या टोचेवर वीज असते. आम्हाला हवे होते उलट. म्हणून एक ट्रान्झिस्टर घालून ते उलटे केले आणि दोन्ही सूचना दोन डायोडमधून पुसण्याच्या टोचेवर आणल्या. त्या टोचेपासून जमिनीला दहा हजार ओहमचा एक रोध. वीज नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीतून घेऊन ७८०५ या आय.सी.ने पाच व्होल्टवर आणली.

सगळा जुडगा ठेवायचा कुठे? भोक पाडायचे नाही ही मामांची अट. एसएच-१०१ च्या पोटात सहा जाड सेल बसतील एवढा कप्पा आहे. आम्ही स्टेजवर वीज अडॅप्टरने घेतो, तेव्हा तो रिकामाच असतो. आमची पट्टी त्याच कप्प्यात बसली आणि तारा झाकणाच्या फटीतून बाहेर आल्या. झाकण काढले की वाद्य जसेच्या तसे. जुन्या वाद्यात बदल करताना तो परत उलटवता यावा, हे पथ्य प्रत्येकाने पाळावे असे मला वाटते. आपण ते वाद्य वापरणारे शेवटचे नसतो.

दोन चुका

माझ्या दोन चुका सांगतो, म्हणजे कोणाला करून पाहायचे असल्यास वेळ वाचेल.

पहिली चूक तारेची. मी नगरहून मिडीची तयार तार आणली. टोके तीच, पाच टोचांची, बसतातही घट्ट. दोन दिवस काहीच हलले नाही. मला वाटले आय.सी. जळाली. शेवटी मीटर लावून पाहिले, तर त्या तारेत पहिली आणि तिसरी टोच जोडलेलीच नव्हती. मिडीला चौथ्या-पाचव्या टोचेची गरज असते, म्हणून पुष्कळ तारांत पहिली-तिसरी रिकामी सोडतात. बाहेरून सारखे दिसणारे आतून सारखे असतेच असे नाही, हा धडा शंभर रुपयांत मिळाला.

दुसरी चूक अधिक बोधप्रद आहे, आणि ती मी शोधली नाही. जोडणी चालू झाली, दोन्ही यंत्रे बरोबर धावू लागली, पाच मिनिटे झाली तरी फाटली नाहीत. मामा खूश. मीही खूश. कोपऱ्यात पार्टीचे जुने ढोलकीवाले बसले होते. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांनी दोन आवर्तने ऐकली आणि मान हलवली.

"चालतंय बरोबर, पण समेवर येईना. सूर पाठीमागून येतोय."

मी म्हणालो, "तात्या, आता दोघांची मोजणी एकच आहे. मागे कसा येईल?"

"मोजणी एक आसंल. मोजायला सुरुवात कुठून केली?"

मी रात्री कागद घेऊन बसलो. मी सूर सोडणारी तार शून्य क्रमांकाच्या वाटेवर लावली होती. पुसलेल्या अवस्थेत तिच्यावर वीज आधीपासूनच असते. पहिला झटका आला की ती वीज निघून जाते आणि पुन्हा सहाव्या झटक्याला येते. म्हणजे पहिला सूर पहिल्या झटक्याला वाजायचा तो सहाव्याला वाजत होता. पाच झटके उशिरा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीला सेकंदात ४८ झटके होतात. पाच झटके म्हणजे सुमारे एक दशांश सेकंद. तात्यांनी एक दशांश सेकंद कानाने पकडला होता! तार एक क्रमांकाच्या वाटेवर, म्हणजे तिसऱ्या टोचेवरून दुसऱ्या टोचेवर नेली, आणि सूर नेमका समेवर पडला. तात्या हसले. म्हणाले, "आता बसलं."

ज्याने झोप आली नाही

त्याच रात्री जेवताना मामा मामींना सांगत होते, की आता वरातीच्या सुपारीला तात्यांना बोलवायची गरज नाही; एक बिदागी वाचेल. मामा वाईट माणूस नाहीत. डिझेल वाढले आहे, डीजेवाल्यांनी अर्ध्या सुपाऱ्या नेल्या आहेत, त्यांचाही हिशेब आहे. पण ज्या माणसाने माझी चूक दाखवून यंत्र समेवर आणले, त्याचीच जागा त्या यंत्राने घेतली. आणि ते यंत्र जोडणारा मी. अर्थशास्त्राच्या तासाला आपण यंत्रामुळे येणाऱ्या बेकारीची कारणे लिहितो, पाच गुण मिळतात. ती कारणे एका माणसाच्या रूपाने आपल्याच ओसरीवर बसलेली मी प्रथमच पाहिली.

माझ्या आईवडिलांच्या कामातही ऊसतोडणीचे यंत्र आले आहे. त्याबद्दल वडील एकदाच बोलले होते, "यंत्र वाईट नसतं रे. आपल्याला विचारून येत नाही, एवढंच." हे वाक्य मला त्या रात्री आठवले.

सकाळी उठून मी एसएच-१०१ चे ते मागचे भोक पुन्हा पाहिले. त्याला झटका हवा आहे. तो रिदम मशीनमधूनच यावा, असे कुठे लिहिले आहे?

बझरमध्ये जी पितळी चकती असते तिच्यावर आघात झाला की वीज उत्पन्न होते. अशी एक चकती तात्यांच्या ढोलकीच्या खोडावर, धुमाच्या तोंडाजवळ चिकटवली. तिची वीज एका ट्रान्झिस्टरला आणि तेथून ५५५ या आय.सी.ला दिली. एका थापेने खोड थोडा वेळ थरथरत राहते, त्यामुळे एका थापेचे तीन-चार झटके होतात. ५५५ चे काम असे, की पहिला झटका आला की एकच स्वच्छ ठोका द्यायचा आणि तो संपेपर्यंत पुढच्या थरथरीकडे लक्ष द्यायचे नाही. ६८ हजार ओहमचा रोध आणि एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, की हा काळ सुमारे ७५ सहस्रांश सेकंद होतो. चाटीवरची जलद बोटे त्यात धरली जात नाहीत. धुमाच्या थापा मात्र नेमक्या मिळतात.

तात्यांनी थाप मारली आणि कॅशो बोलला. दुसरी थाप, दुसरा सूर. त्यांनी लय उतरवली, सूर उतरले. त्यांनी हात उचलून धरला, तर सूरही थांबून वाट पाहू लागला. मग त्यांनी तिहाई घेतली आणि कॅशोने ती त्यांच्याबरोबर घेतली. रिदम मशीनच्या मागे जाणारे सूर आणि तात्यांच्या मागे जाणारे सूर यांत काय फरक होता, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. पहिल्यात कधीच चूक नव्हती. दुसऱ्यात मात्र पुढचा सूर कधी येईल याकडे आम्ही सगळे कान लावून होतो.

निष्कर्ष

या सर्व खटाटोपातून मला समजले ते असे. सिंक म्हणजे दोन यंत्रे सारखी करणे नव्हे. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, असा तो करार आहे. तारेतून सूर जात नाही, बोल जात नाही. फक्त 'आता' एवढा एकच शब्द जातो. तो कोणी म्हणायचा, हे यंत्र ठरवत नाही. तार कुठे लावायची हे ठरवणारा माणूस ते ठरवतो. चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये तो शब्द यंत्राला म्हणू दिला आणि त्यातून अपूर्व संगीत निघाले. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तीच तार दुसऱ्या बाजूलाही लागते, हे मला ठाऊक नव्हते.

सर्व काही सुरळीत झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. वरातीला अजून रिदम मशीनच जाते. तेथे मामांचा हिशेब वेगळा आहे. गाण्यांच्या कार्यक्रमांना मात्र या हंगामात तात्या आले आणि ढोलकीला लावलेली ती तार पाहायला पोरे स्टेजजवळ गर्दी करू लागली. मामांनी त्यांची बिदागी कमी केली नाही. तात्या मला एवढेच म्हणाले, "मशीनला माझ्यामागं चालायला शिकवलंस. आता पोरांनाबी शिकव, ढोलकी." ते मला येत नाही. येत्या सुट्टीत मीच त्यांच्याकडे शिकायला बसणार आहे.